कुलूप आणि कुल्फी

इंदूरला मामाकडे गेलं की एक नियम पाळावा लागतो. रात्री घरी पोटभर जेवायचं आणि मग सराफ्यात खायला जायचं. उपाशीपोटी सराफ्यात येणारा माणूस बाहेरगावचा, असं मामाचं ठाम मत आहे. "अगं, भूक भागवायला घर आहे की. सराफा त्यासाठी नसतो."

मागच्या मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आम्ही राजवाड्याकडून त्या गल्लीत शिरलो, तेव्हा सोन्याचं शेवटचं एखाददुसरं दुकान बंद होत होतं. एका दुकानातला नोकर शटर ओढून, खाली वाकून कुलूप लावत होता. त्याच्या मागे कुल्फीवाला लाल फडकं गुंडाळलेला मोठा मटका घेऊन थांबला होता. कुलूप लागलं, नोकर बाजूला झाला आणि पाच मिनिटांत त्याच ओट्यावर कुल्फीचं दुकान उभं राहिलं. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. रोजचंच असणार.

ज्यांनी इंदूरचा सराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ही शहराची सोन्याचांदीची पेठ आहे. दिवसभर इथे मंगळसूत्रं, पाटल्या, चांदीची भांडी विकली जातात. रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर खाण्याचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू असतो. जलेबा, रबडी, मालपुवा, मावा बाटी, शिकंजी, कुल्फी-फालुदा, बर्फाचा गोळा, शिवाय दहीवडा, खोपरा पॅटिस, भुट्ट्याचा कीस. इंदूरचे लोक याचं कारण असं सांगतात की, रात्री गल्लीत वर्दळ राहिली तर चोर फिरकणार नाही, म्हणून सराफांनीच खाण्याच्या दुकानांना ओटे वापरू दिले.

गेल्या काही वर्षांत मात्र या जागेवरून वाद चालू आहे. गल्ली अरुंद, गर्दी प्रचंड आणि प्रत्येक दुकानापाशी गॅसचे सिलिंडर. उद्या आग लागली तर बंबही आत येणार नाही, म्हणून खाण्याचा बाजार इथून हलवा, असं सराफ व्यापारी म्हणू लागले. खाण्याच्या दुकानदारांचं पोट याच गल्लीवर. मग एक मधला मार्ग बोलला जाऊ लागला: पारंपरिक पदार्थांची दुकानं राहू द्यावीत आणि नूडल्स, मोमो वगैरे विकणाऱ्यांना हलवावं. मामाला हे पटलेलं आहे. "पारंपरिक तेवढं ठेवायचं. बाकी हे चायनीजवाले काल आलेत."

मीही मान डोलावली. पण हातात शिकंजीचा ग्लास होता आणि डोक्यात प्रश्न आला की, हा ग्लास इथे कधी आला? पुण्याला परतल्यावर ऑफिसच्या कामातून वेळ काढून मी त्या रात्री चाखलेल्या एकेका पदार्थाचा माग काढत बसले. वाचत गेले तसतशी माझी मान डोलायची थांबली.

दिवसपाळी

सुरुवात दुकानांपासूनच करू, कारण ओटा त्यांचा आहे.

'सर्राफ' हा अरबी शब्द. नाणी पारखून, बदलून देणारा तो सर्राफ. आपल्याकडे त्याचं आडनाव झालं, इंग्रजांनी त्याचं 'श्रॉफ' केलं. अठराव्या शतकात हिंदुस्थानात एकच एक रुपया नव्हता. वेगवेगळ्या टांकसाळींचे, वेगवेगळ्या वजनाचे आणि कसाचे रुपये फिरत. कोणत्या रुपयाला किती बट्टा लावायचा हे सराफ ठरवी. शिवाय हुंड्या. इथे पैसे भरायचे, एक कागद घ्यायचा आणि दूरच्या शहरात तो कागद दाखवून पैसे घ्यायचे. सराफाचं मूळ काम दागिने विकणं नव्हतं. पैशाची ने-आण हे त्याचं काम होतं.

इंदुरात या कामाला बरकत आली ती होळकरांच्या काळात. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव पेशव्यांचे सरदार म्हणून माळव्यात आले. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई होळकर हरले, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर ही राजधानी झाली. कंपनीचा रेसिडेंटही तिथेच येऊन बसला.

रेसिडेंटचं लक्ष ज्या मालावर होतं तो सोनं नव्हता. तो होता अफू.

माळव्याच्या काळ्या जमिनीत अफू उत्तम पिकायची. बंगाल-बिहारात अफूचा मक्ता कंपनीकडे होता, पण माळवा संस्थानिकांचा. इथले व्यापारी आपला माल आडवाटेने पोर्तुगिजांच्या दमण बंदरात नेत आणि तिथून तो चीनला जाई. कंपनीने आधी हा माल अडवून पाहिला, मग विकत घेऊन पाहिला. दोन्ही साधलं नाही. शेवटी १८३०-३१ च्या सुमारास तिने परवान्याची पद्धत आणली. पेटीमागे ठरलेली रक्कम भरा, परवाना घ्या आणि माल सरळ मुंबईला न्या. ही परवाने देण्याची मोठी जागा म्हणजे इंदूर. शेतकऱ्याला पिकाआधी उचल देण्यापासून मुंबईत रक्कम पोचवण्यापर्यंत सगळीकडे सावकार आणि सराफ होते. चीनमधला भाव कळायला महिने लागत, त्यामुळे पुढच्या भावावर सौदे चालत. सट्ट्यात नाव कमावलेले इंदूरचे सेठ हुकूमचंद पुढे कापडगिरण्यांचे मालक झाले, पण त्यांच्या सुरुवातीच्या संपत्तीत अफूच्या सौद्यांचा वाटा मोठा होता. चीनला जाणारी अफू विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंद झाली.

म्हणजे 'सराफा मूळचा सोन्याचा आणि खाणं नंतरचं' हे म्हणतानाही जरा थांबायला हवं. इंदूरच्या सराफीची जुनी परंपरा शोधायला गेलं तर आधी हुंडी आणि अफूचे सौदे लागतात. काचेच्या कपाटात मांडलेले हार त्या मानाने अलीकडचे.

माळव्याची रात्र

आता रात्रपाळी. उत्तर हिंदुस्थानात एक जुनी म्हण आहे: सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-माळवा. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची. इंदुरातला प्रत्येक मामा ही म्हण भाच्यांना ऐकवतो.

यामागे कविकल्पनेपेक्षा भूगोल जास्त आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असते आणि आकाश बहुतेक वेळा निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. वर ढगांची किंवा दमट हवेची गोधडी नसेल तर ती उष्णता लवकर निघून जाते. मुंबईत रात्री बारालाही शर्ट अंगाला चिकटतो, तेव्हा इंदूरच्या गच्चीवर वारा सुटलेला असतो. उन्हाळ्यात माणसं रात्री बाहेर पडणारच. बाजार त्यांच्या मागोमाग आला.

रात्रीच्या आकाशाची ही थंडाई वापरून आपल्याकडे चक्क बर्फ बनवत, हे मला ठाऊक नव्हतं. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अलाहाबादेत ही पद्धत पाहिली आणि १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी तिचं वर्णन लिहिलं. मोकळ्या मैदानात तीसेक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं पसरायची, म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही. त्यावर मातीच्या, झिलई न दिलेल्या उथळ थाळ्या ओळीने मांडायच्या आणि संध्याकाळी त्यात उकळून निववलेलं पाणी भरायचं. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री थोडं पाणी थाळीतून झिरपून वाफ होऊन उडतं, बाकीचं आपली ऊब आकाशाला देऊन टाकतं आणि पहाटे थाळीत बर्फाची पापडी तयार. सूर्य उगवण्याआधी मजूर ती गोळा करत आणि गवताचं व घोंगड्यांचं अस्तर लावलेल्या खोल विहिरीसारख्या खड्ड्यात ठोकून भरत. तो साठा उन्हाळ्यात निघे.

वीज नाही, यंत्र नाही. मी इंजिनिअरिंगला उष्णतेच्या संक्रमणाचा पेपर दिला होता, त्यात हे उदाहरण असतं तर दहा मार्क जास्त पडले असते.

पण तो बर्फ कोणासाठी होता? हिवाळ्यातल्या पहाटे थंड पाण्यात हात घालून पापड्या वेचणाऱ्यासाठी नक्कीच नाही. तो साहेबांच्या सरबतासाठी होता. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

शिकंजी

दिल्लीत शिकंजी मागितली तर लिंबाचं सरबत मिळतं. इंदूरच्या सराफ्यात मागितली तर दाट, पिवळसर दुधाचा ग्लास येतो: आटवलेलं दूध, केशर, वेलची, जायफळ, सुका मेवा आणि मागे राहणारी हलकीशी आंबट चव. मला पहिल्या घोटाला पातळ केलेल्या श्रीखंडाची आठवण झाली. मामाला तसं म्हटलं तर तो खूष झाला. इंदूरच्या प्रत्येक चांगल्या गोष्टीत मराठी हात असावा अशी त्याची इच्छा असते.

शब्द मात्र इराणातून आला. फारसीत 'सिरका' आणि 'अंगबीन', म्हणजे मध. दोन्ही मिळून सिकंजबीन. सिरका आणि मध उकळून केलेला हा पाक युनानी हकीम औषध म्हणून देत आणि पाण्यात घालून उन्हाळ्यात प्यायलाही तो चाले. हिंदुस्थानात येता येता सिरक्याची जागा लिंबाने घेतली, मधाची साखरेने. आणि इंदूरला पोचेपर्यंत आतलं सगळंच बदललं. सिरका नाही, मध नाही, लिंबूही नाही. उरलं ते फक्त नाव आणि आंबट-गोडाची जोडी.

पारंपरिक इंदुरी शिकंजी ही अशी आहे. तिच्या नावातले दोन्ही पदार्थ तिच्यात नाहीत.

कुलूप

कुल्फीचा शब्द याहून गमतीचा आहे. अरबीत 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. आपलं मराठी कुलूप त्यातूनच आलं. आणि झाकण घट्ट लावून बंद केलेल्या भांड्यात गोठवलेलं दूध ती कुल्फी. त्या रात्री ओट्यावर पाहिलेला नोकर शटरला जे लावत होता आणि मागे थांबलेला माणूस मटक्यातून जे काढणार होता, ते दोन्ही शब्द एकाच घरातले. एक लागलं की दुसरी उघडते.

बंद भांडं का हवं? कारण दूध नुसत्या बर्फात ठेवून नीट गोठत नाही. दुधात साखर असते, ते पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं. म्हणून बर्फात मीठ घालतात. मीठ घातलेला बर्फ वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून शून्याच्या बराच खाली जातो. पण खारट पाणी दुधात शिरलं तर सगळं संपलं. म्हणून साच्यावर झाकण आणि झाकणाच्या कडेला भिजवलेल्या कणकेची पट्टी. हे कुलूप.

या कसबाची आधीची पायरी अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सापडते. अकबराच्या दरबारात पाणी थंड करायला सोरा वापरत. धातूच्या सुरईत पाणी भरायचं, तोंड बंद करायचं आणि ती सुरई सोरा विरघळवलेल्या पाण्यात काही वेळ फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता शोषतो, आतलं पाणी गार होतं. हाच सोरा तोफेच्या दारूतला मुख्य घटक. आग लावणाऱ्या पदार्थाने बादशहाने गारवा मिळवला, याचं अबुल फजललाही कौतुक वाटलेलं दिसतं. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला, तेव्हा लाहोरच्या उत्तरेच्या डोंगरांतून नावांनी, गाड्यांनी आणि माणसांच्या डोक्यावरून बर्फ येऊ लागला. अबुल फजल सांगतो की उन्हाळ्यात सगळ्या थरांतले लोक बर्फ वापरतात, उमराव मात्र बारा महिने. 'सगळ्या थरांतले' यात बर्फ वाहून आणणारे किती होते, हे त्याने लिहिलेलं नाही.

बोस्टनचा बर्फ

बर्फ सामान्य माणसाच्या हाती यायला अजून तीन शतकं लागली आणि मध्ये एक विलक्षण वळण आलं.

अमेरिकेतल्या बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून उष्ण देशांत विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याने 'टस्कनी' नावाच्या जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या, चार महिन्यांचा प्रवास आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज पोचलं तेव्हाही शंभरेक टन बर्फ शिल्लक होता. धंदा बसायला आणखी एक कारण होतं. बोस्टनहून हिंदुस्थानला येणाऱ्या जहाजांकडे फारसा माल नसे. रिकामं जहाज समुद्रात डुलतं, म्हणून तळाशी काहीतरी वजन भरावंच लागे. दगडांऐवजी बर्फ भरला तर तो विकताही येई.

लवकरच हा बर्फ मुंबईलाही येऊ लागला. १८४३ मध्ये तिथे गोदीजवळ बर्फ साठवायचं घर बांधलं गेलं, आज लायन गेटसमोर जिथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे त्या जागेवर. हेन्री डेव्हिड थोरोने ज्या वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधली, तिथेही १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे आले होते. 'वॉल्डन' या पुस्तकात त्याने त्याबद्दल लिहिताना मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक आपल्या विहिरीचं पाणी पिणार, अशी कल्पना रंगवली आहे. त्या दिवसांत तो सकाळी भगवद्गीता वाचत असे.

मुंबईतली एक गोष्ट फार सांगितली जाते. १८३० च्या दशकात जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, त्याची बातमी वर्तमानपत्रात आली. गोष्ट वाचून हसू येतं. पण जमशेटजींची संपत्ती कशावर उभी होती? कापूस आणि चीनला पाठवलेली अफू. मुंबईतून चीनला जाणारी अफू ही माळव्याची.

इथे मी वाचता वाचता थांबले. इंदुरात परवाना घेऊन निघालेली पेटी मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्याच बंदरात बोस्टनचा बर्फ उतरत होता. बर्फ परवडणारी घरं काही अंशी त्या पेटीवरच उभी होती. माळव्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला उचल, कर्ज आणि काळी जमीन आली. गार पेला मुंबईत गेला.

पुढची गोष्ट थोडक्यात. १८७८ मध्ये कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी सुरू झाली, यंत्राने बर्फ बनू लागला आणि काही वर्षांतच बोस्टनचा धंदा बसला. तिकडे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून खांडवा ते इंदूर रेल्वे झाली. अवजड यंत्रं घाट चढून माळव्यात यायची वाट त्यामुळे मोकळी झाली. यंत्र एकदा बसलं की बर्फ कोणाच्याही दारात येतो. लादी फोडून मटक्याभोवती भरणारा कुल्फीवाला, रंध्यावर बर्फ किसून काडीवर गोळा थापणारा, सगळे या यंत्राची लेकरं. जे उमरावांना बारा महिने आणि साहेबांना उन्हाळ्यापुरतं मिळत होतं, ते मजूर आपल्या मुलाला रस्त्यावर घेऊन देऊ लागला. सराफ्यातला सगळ्यात मोठा बदल कोणता असं मला विचारलं तर मी हा सांगेन.

जिलबी आणि साबुदाणा

जलेबा म्हणजे जिलबीचा थोरला भाऊ. एकच पुरेसा होतो, आम्ही तिघांनी मिळून एक संपवला, वर रबडी घेऊन.

जिलबीच्या वंशावळीवर अभ्यास केला आहे तो आपल्या पुण्यातल्या माणसाने. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात जिलबीच्या इतिहासावर लेख लिहिला. 'प्रियंकरनृपकथा' या सुमारे १४५० च्या जैन ग्रंथात जिलबीचा उल्लेख येतो, तोही एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या जेवणाच्या संदर्भात. शब्दाचं मूळ त्याहून पश्चिमेला आहे. अरबीत 'झलाबिया', फारसीत 'झुलबिया'. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींच्या पुस्तकात झलाबियाच्या कृती आहेत. इथे आली, पाचशे वर्षांपूर्वीच जेवणात बसली आणि आज तिच्याशिवाय इंदूरची पोह्यांची सकाळ होत नाही.

फालुदाही इराणचा. भुट्ट्याच्या किसातला मका अमेरिका खंडातला. आणि सराफ्यात उपासाच्या दिवशी ज्यासाठी रांग लागते ती साबुदाण्याची खिचडी? साबुदाणा कसावा नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या कंदापासून बनतो आणि तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने सुरू झाले ते १९४० च्या दशकात. माझ्या आजीच्या वयाचा पदार्थ. त्याला आपण एकादशीला देवासमोर ठेवतो.

मामाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मोमोवाल्यांनी अजून सत्तर-ऐंशी वर्षं थांबायचं का?"

चेष्टेत म्हणाला, पण मुद्दा तोच आहे.

उजेड, आग आणि गल्ली

बर्फासारखीच रात्रीच्या बाजाराला दुसरी गरज उजेडाची. इंदुरात वीज आली १९०६ मध्ये. शहराचा अग्निशामक विभाग सुरू झाला १९०९ मध्ये. मधल्या काळात, १९०८ ला, सराफ्याला लागून असलेल्या राजवाड्याला आग लागली होती. त्याआधी १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने तो जाळला होता आणि १९८४ च्या दंगलीत तो तिसऱ्यांदा जळला. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लाकूड पेटलं की काय होतं हे या गल्लीतल्या माणसांना कोणी समजावून सांगायला नको. सराफांची भीती म्हणूनच मला खोटी वाटत नाही.

१९१७ मध्ये होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. शहरात प्लेग होता. गेडिसने दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढली, त्यात प्लेगचा भलामोठा उंदीर केला, आणि ज्या आळीची सफाई सगळ्यात चांगली तिथून मिरवणूक जाणार असं जाहीर केलं. लोकांनी घरंदारं झाडून काढली. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या इंदूरची ही जुनी रंगीत तालीम म्हणायची.

१९१८ ला त्याने दरबाराला अहवाल दिला. त्यातला विचार आजही उपयोगाचा आहे. त्या काळचे इंजिनिअर जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचे आणि मध्ये येईल ते पाडायचे. गेडिस म्हणायचा, आधी गल्लीतून पायी फिरा, कुठे काय अडतंय ते बघा आणि अगदी थोडं कापा. एखादं पडकं घर काढा, एक कोपरा मोकळा करा, बाकी वस्ती जगू द्या. या पद्धतीला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचा.

सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या बांगडीचा फासा दुरुस्त करायचा होता म्हणून आम्ही पुन्हा सराफ्यात गेलो. गल्ली धुतलेली होती. ज्या ओट्यावर रात्री कुल्फी खाल्ली त्याच ओट्यावर चपला काढून आम्ही दुकानात चढलो. फरशीवर एका जागी पाकाचा चिकटपणा राहिला होता, नोकर ओल्या फडक्याने तो पुसत होता.

मी दुकानदार काकांना विचारलं, "काका, रात्रीचा बाजार हलवावा असं तुम्हालाही वाटतं का?"

ते बांगडी बघत होते. "बेटा, माझ्या वडिलांच्या वेळी या ओट्यावर एक रबडीवाला बसायचा. कोळशाची शेगडी एक. आता समोर मोज, सिलिंडर किती दिसतात ते. रात्री झोप लागत नाही मला."

"मग तो रबडीवालाही जावा?"

"त्याचा नातू बसतो आता. तो कसा जाईल?" ते म्हणाले आणि पुन्हा बांगडीत डोकं घातलं.

माझ्या कामात एक जुनी पद्धत आहे. यंत्र एकच असतं आणि ते घेणं कोणा एकाला परवडत नाही, म्हणून अनेकजण वेळ वाटून ते वापरतात. तुझं काम झालं की माझं. ही वाटणी चालते ती प्रत्येकाने नियम पाळले तरच. एकाने जास्त जागा अडवली तर सगळ्यांचं काम थांबतं. सराफ्याचा ओटा तसाच आहे. सराफांची तक्रार ऐकली की कळतं, बिघाड मोमोत नाही. दुकानं वाढत गेली आणि वाटणीचे नियम कोणी नव्याने लिहिले नाहीत.

म्हणून 'पारंपरिक' ही चाळणी मला चुकीची वाटते. ती लावली तर नावातला सिरका हरवलेली शिकंजी राहील, बगदादची जिलबी राहील, सेलमचा साबुदाणा राहील आणि दहा वर्षं इमाने कष्ट करणारा एखादा मोमोवाला जाईल. आग मात्र तशीच राहील, कारण रबडीखालचा सिलिंडर मोमोखालच्या सिलिंडरइतकाच पेटतो. मोजायचंच असेल तर ज्वाळा मोजाव्यात, दोन दुकानांमधलं अंतर मोजावं, बंब शिरेल एवढी वाट आहे का ते बघावं. ज्याला सराफ्यात गॅस लागतच नाही तो कुल्फीवाला, गोळेवाला, शिकंजीवाला कोणाच्याही झोपेच्या आड येत नाही. पदार्थाचं वय न विचारताही गल्ली सुरक्षित करता येते. गेडिस असता तर त्याने आधी इथे चार रात्री फिरून घेतलं असतं आणि मग अगदी थोडं कापलं असतं.

या गल्लीत खरोखर जुनं असं काही असेल तर ती त्या रात्री पाहिलेली पाच मिनिटं. एकाने वाकून कुलूप लावलं, दुसरा मटका घेऊन थांबला. कोणी कोणाला लिहून दिलं नव्हतं, तरी दोघांनाही माहीत होतं की आता पाळी कोणाची.

बांगडी दुरुस्त झाली. काकांनी फाशाचे पैसे घेतले नाहीत. "रात्री येणार असाल तर कुल्फीवाल्याला माझं नाव सांगा," म्हणाले, "मलई जास्त घालेल."